आमचें पोंवळें

जुन्या मराठी घरांतील दागिन्यांचा डबा उघडला तर त्यांत एखाददुसरें पोंवळें बहुधा सांपडतेंच. कोठें तें आजीच्या माळेंत सोन्याच्या मण्यांशेजारीं ओंवलेलें असतें, कोठें मंगळाची पीडा टळावी म्हणून ज्योतिष्यानें सांगितलेल्या अंगठींत बसविलेलें असतें. आणि वैद्याच्या फडताळांत तेंच पोंवळें प्रवाळभस्म होऊन पुडींत बांधलेलें असतें. नवरत्नांत त्याचें स्थान ठरलेलें, संस्कृत कवींच्या नायिकांचे ओठ त्याच्याच रंगाचे. इतकी जवळीक असलेली वस्तु आपल्याच भूमीची असली पाहिजे, असें कोणालाही वाटावें. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. लक्षद्वीपाभोंवतीं किंवा मन्नारच्या आखातांत जे प्रवाळांचे खडक आहेत ते वेगळ्या जातीचे. त्यांतून हें लाल रत्न निघत नाहीं. आमच्या आज्यापणज्यांचें पोंवळें प्राचीन काळापासून मुख्यतः भूमध्य समुद्रांतून, इटली, सार्डिनिया, सिसिली आणि उत्तर आफ्रिका यांच्या किनाऱ्यांवरून येत आलें. परक्याचें आपलें कसें झालें, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पोंवळें म्हणजे काय, या प्रश्नानेंच शतकानुशतकें लोकांस चकविलें. आमचा ‘विद्रुम’ हा शब्द त्यास विशेष प्रकारचा वृक्ष ठरवितो, आणि ‘प्रवाल’ याचा एक अर्थ कोंवळा अंकुर असाही आहे. युरोपांतही हें समुद्रांतलें झाड असून तें पाण्याखालीं मऊ असतें व वाऱ्याशीं गांठ पडतांच दगड बनतें, असा समज होता. मार्सेयचा वैद्य पेसोनेल यानें १७२५ च्या सुमारास प्रत्यक्ष निरीक्षण करून सांगितलें कीं, पोंवळ्यावर उमलणारीं तीं फुलें नव्हत, ते जिवंत प्राणी होत. हें म्हणणें त्या काळच्या विद्वानांस इतकें विक्षिप्त वाटलें कीं, रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञानें १७२७ सालीं तें सभेपुढें मांडतांना लेखकाची शोभा होऊं नये म्हणून त्याचें नांवही सांगितलें नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं पेसोनेलचेंच खरें ठरलें. आठ आठ इवल्या बाहूंचे असंख्य जीव मिळून ही तांबडी शाखा घडवितात. तिचा बुंधा वर्षांत एक मिलिमीटरही जाड होत नाहीं. बोटभर जाडीची फांदी व्हावयास कित्येक दशकें लागतात.

शास्त्राला जें उशीरा कळलें त्याची उणीव कथांनीं आधींच भरून काढली होती. रोमन कवि ओव्हिड सांगतो कीं, पर्सियस या वीरानें मेडूसा राक्षसीचें मस्तक कापून समुद्रकांठीं शेवाळावर ठेवलें. तिच्या दृष्टीनें जसा माणसाचा पाषाण होई, तसें तें शेवाळही कठीण झालें, आणि तेंच पोंवळें. आमच्या गरुडपुराणांत बल नांवाच्या असुराच्या देहापासून सर्व रत्नें निघालीं असें सांगितलें असून, शेषानें त्याचीं आंतडीं टाकलीं तेथें पोंवळीं झालीं, अशी कथा आहे. या दोन कथा एकमेकींपासून घेतल्या असें म्हणण्यास आधार नाहीं. पण दोहोंतही मारलेल्या दुष्टाच्या शरीरापासून ही लाल वस्तु निर्माण होते. दुष्टाच्या अंगचें सामर्थ्य दुष्टावरच उलटवावें, ही कल्पना मनुष्याच्या मनांत फार खोल रुजलेली दिसते.

म्हणूनच कीं काय, जो तो हें रत्न दुबळ्याच्या रक्षणास लावूं लागला. इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला प्लिनी लिहितो कीं, लहान मुलांच्या अंगावर पोंवळ्याची फांदी बांधली म्हणजे त्यांस बाधा होत नाहीं, असें लोक मानीत. इटलींतील पंधराव्या शतकाचा चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्का यानें बाल येशूच्या गळ्यांत पोंवळीं घातलीं आहेत. देवाच्या मुलालाही आईनें दृष्ट लागूं नये म्हणून जपावें, यांत त्या लोकांस विसंगति दिसली नाहीं. इंग्लंडांत सधन घरच्या तान्ह्यास दांत येतांना चघळावयास रुप्याच्या घुंगरांसह पोंवळ्याचा तुकडा देत. समुद्रापासून शेंकडों कोस दूर असलेल्या तिबेटांत स्त्रियांच्या व मूर्तींच्याही गळ्यांत पोंवळीं घालतात आणि त्यांस मोठी किंमत येते, हें तेराव्या शतकांत मार्को पोलोनें नमूद केलें. लडाखी स्त्रियांच्या ‘पेरक’ नांवाच्या शिरोभूषणांत पिरोजाशेजारीं तें आजही दिसतें. पश्चिम आफ्रिकेंतील बेनिनच्या राजाचा राजवेष तर पोंवळ्यांचाच. एका पूर्वज राजानें तीं समुद्रदेवतेकडून आणलीं, असें तेथील लोक सांगतात. १८९७ सालीं इंग्रज फौजेनें तें नगर लुटलें. तरीही तेथील राजाच्या अंगावर ओळखीची खूण म्हणून पोंवळींच शोभतात.

या सर्वांत हिंदुस्थानची ओढ सर्वांत जुनी व दांडगी. प्लिनी म्हणतो कीं, रोमन स्त्रिया हिंदी मोत्यांना जितकें मानतात तितकेंच हिंदी पुरुष पोंवळ्याला मानतात. आणि गॉल लोक पूर्वीं आपल्या तलवारी व ढाली ज्या पोंवळ्यानें मढवीत, तें परदेशीं निर्यात होऊं लागल्यामुळें आतां त्यांनाच दुर्मिळ झालें आहे. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या नाविक ग्रंथांत भडोच व मुझिरीस या बंदरांतील आयातींत पोंवळें नमूद आहे. कौटिल्यानें राजाच्या कोशांत घ्यावयाच्या रत्नांत प्रवाळ गणलें असून त्याची एक जात ‘आलकंदक’ सांगितली आहे. अनेक पंडित हें नांव अलेक्झांड्रियाशीं जोडतात.

परंतु या व्यापाराचें सर्वांत हृदयंगम प्रकरण आमच्या गोव्यांत घडलें. अठराव्या शतकांत इटलींतील लिव्होर्नो शहरचे ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रांतील पोंवळें लिस्बनमार्गें गोव्यास पाठवीत आणि मोबदल्यांत हिरे घेत. गोव्याकडील त्यांचे व्यापारी सारस्वत हिंदु होते. कामत घराणें त्यांपैकींच. मध्यें लिस्बनला इटालियन ख्रिस्ती अडत्ये. पत्रव्यवहार पोर्तुगीज भाषेंत. उत्तर यावयास वर्षाहून अधिक काळ लागे. एकमेकांचें तोंड पाहिलेलें नाहीं, धर्म एक नाहीं, दावा लावावयास समाईक न्यायालय नाहीं; वरून लिस्बन व गोवा या दोन्ही ठिकाणीं ज्यूंना छळणारें आणि हिंदूंवर निर्बंध घालणारें ‘इन्क्विझिशन’ बसलेलें. तरीही माल पोंचे, हिशेब जुळत, आणि न जुळले तर नांव खराब होण्याचें भय पुरेसें होई. ज्या राज्यानें या दोघांस एका रस्त्यानें उघड चालूं दिलें नसतें, त्याच राज्याच्या जहाजांतून त्यांचा विश्वास ये-जा करीत होता. तेव्हां आमच्या मंगळसूत्रांतील लाल मण्याला ‘शुद्ध आमचा’ म्हणतांना त्यामागचे हे परके हात विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

आतां एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. पूर्वीं जड लांकडी क्रूसाला जाळीं बांधून तो समुद्रतळावरून फरफटवीत आणि हातीं येईल तें तोडून काढीत. १८७५ ते १८८० या काळांत सिसिलींतील शाक्का गांवाजवळ मोठे सांठे सांपडले, तेव्हां नावांची नुसती झुंबड उडाली. या साधनावर युरोपीय संघानें बंदी घातली ती १९९४ सालीं. पोंवळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव २०१० च्या दोहा येथील परिषदेंत फेटाळला गेला. शिवाय समुद्राचें पाणी तापत असल्यामुळें उथळ भागांतील पोंवळीं मरत आहेत. ज्याच्यावर आपल्या तान्ह्या मुलांच्या रक्षणाचा भार आम्हीं दोन हजार वर्षें टाकला, तो जीवच आज रक्षणाची अपेक्षा करीत आहे.

पोंवळ्यानें मंगळ शांत होतो कीं नाहीं, या वादांत आम्हीं शिरत नाहीं. आजीचें पोंवळें ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं तें जपावें, आणि तें कोणत्या समुद्रांतून, किती हातांनीं येथवर आलें तें मुलाबाळांस सांगावें. नवें घ्यावयाची वेळ आली तर मात्र ती फांदी वाढावयास एका माणसाचें सारें आयुष्य लागलें असेल, हें क्षणभर मनांत आणावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.