बोलीचा डाव

पत्त्यांचा डाव म्हटला की मराठी घरांत दोन गोष्टी हटकून आठवतात : उन्हाळ्याची सुट्टी आणि वडीलधाऱ्यांची नापसंती. बुद्धिबळाची प्रतिष्ठा या खेळाला कधी लाभली नाही, आणि त्याला घराबाहेर काढणेही कोणाला साधले नाही. सोंगट्या मागे पडल्या, सागरगोटे दिसेनासे झाले. पत्त्यांचा जोड मात्र फडताळात टिकून राहिला. या खेळाच्या दीर्घ इतिहासात अनेक बदल झाले. चिन्हे बदलली, पानांची संख्या बदलली, गोल पाने चौकोनी झाली. परंतु खेळाचा स्वभावच पालटून टाकणारा बदल एकच, आणि तो म्हणजे बोली. डाव सुरू होण्यापूर्वी, आपल्या हातातील पाने कोणालाही न दाखविता, ‘मी इतके करून दाखवीन’ असे चारचौघांत जाहीर करावयाचे, आणि ते न साधल्यास दंड सोसावयाचा, ही ती रीत होय.

हिंदुस्थानातील जुन्या पत्त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी बारा रंगांच्या १४४ पानांचा खेळ खेळला जात असे, असे अबुल फज़लच्या ‘आईन-इ-अकबरी’वरून दिसते. पुढे आठ रंगांची ९६ पानांची गंजिफा रूढ झाली. आपल्याकडे या परकीय खेळाला विष्णूच्या दहा अवतारांचे रूप मिळाले, आणि प्रत्येकी बारा पानांचे दहा रंग मिळून १२० गोल पानांची दशावतारी गंजिफा सिद्ध झाली. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी लाखेचे लेपण देऊन ही पाने रंगविली. मागणीअभावी ही कला लयाला जात असता, १९७०च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यात आश्रय देऊन पुन्हा उभे केले.

दशावतारी गंजिफा तिघे खेळतात. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो आरंभ करतो. रात्री तोच मान कृष्णाच्या राजाला. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधान यांच्या खालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. येथे हुकूम नाही आणि भिडूही नाही. जो तो आपल्यापुरता खेळतो. १२० पानांपैकी कोणती उतरून गेली आणि कोणती अद्याप कोणाच्या हाती आहेत, हे ज्याच्या स्मरणात राहील तो जिंकतो. गंजिफा हा थोर खेळ आहे, पण तो स्मरणाचा आहे. खेळाडूला कोणतेही वचन द्यावे लागत नाही. जे हाती आले ते जपून वापरले म्हणजे झाले.

बोलीचा प्रवेश झाला तो युरोपातील पत्त्यांमधून. तेथेही तो आरंभापासून नव्हता. अठराव्या शतकात इंग्लंडात नावारूपाला आलेल्या आणि १७४२ मध्ये एडमंड हॉइलच्या पुस्तकाने ज्याचे शास्त्र बनले त्या ‘व्हिस्ट’ या खेळात वाटणाऱ्याचे शेवटचे पान उलटून हुकूम ठरत असे. म्हणजे हुकूम ही दैवाची देणगी. परंतु त्याआधीच, सतराव्या शतकात, स्पेनमधून युरोपभर पसरलेल्या ‘ओंब्रे’ या खेळाने वेगळा पायंडा पाडला होता. या शब्दाचा अर्थ ‘पुरुष’ असा आहे. एकाने पुढे होऊन ‘हुकूम मी सांगतो, आणि तुम्हा सर्वांविरुद्ध मी एकटा खेळतो’ असे म्हणावयाचे. दुसऱ्याला अधिक धाडस असेल तर त्याने त्याहून चढी बोली करावयाची. हुकूम आता उलटलेल्या पानावर अवलंबून राहिला नाही. तो मागून घ्यावा लागू लागला, आणि त्याची किंमत मोजावी लागू लागली.

हीच कल्पना पुढे ब्रिजमध्ये आली. विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेल्या ‘ऑक्शन ब्रिज’च्या जन्माची एक कथा सांगितली जाते. हिंदुस्थानातील एका दूरच्या ठाण्यावर तीन इंग्रज अधिकाऱ्यांना चौथा भिडू मिळेना, तेव्हा रिकाम्या जागेवरच्या पानांसाठी त्यांनी आपसांत बोली लावण्यास सुरुवात केली, अशी ती कथा आहे. १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर आपल्या सोबत्यांसह ‘काँट्रॅक्ट ब्रिज’ची गुणपद्धती प्रथम खेळून पाहिली. तिच्यात एक बारीकशी, पण महत्त्वाची सुधारणा होती. पूर्वी बोलीपेक्षा अधिक हात झाले तर तेही डाव पुरा करण्याच्या कामी येत. आता बोलीत जितके सांगितले तितकेच डावाच्या हिशोबात धरले जाऊ लागले. भित्रेपणाने थोडे बोलून मागाहून बरेच मिळवण्याची सोय संपली. जास्त बोलणाऱ्याला दंड होताच. आता कमी बोलणाऱ्याचेही नुकसान होऊ लागले.

मराठी घरांत ब्रिजपेक्षा ‘तीनशे चार’ अधिक जवळचा. श्रीलंका, तामिळनाडू, कर्नाटकाची किनारपट्टी आणि महाराष्ट्र अशा विस्तृत पट्ट्यात तो खेळला जातो. सत्तीपासून वरची बत्तीस पाने घ्यावयाची. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३, राणीचे २. अठ्ठी आणि सत्ती बिनगुणांच्या. एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे मिळून ३०४ गुण होतात. यात गुलाम राजाला जिंकतो, आणि नव्वी एक्क्याला. पदाची श्रेष्ठता येथे कामाची नाही. चौघे खेळाडू दोन जोड्यांनी बसतात. प्रथम प्रत्येकाला चारच पाने मिळतात, आणि त्या चार पानांवरच बोली करावी लागते. उरलेली चार अद्याप वाटणाऱ्याच्या हाती. भिडूच्या पानांची कल्पना नाही. प्रतिपक्षाकडे काय आहे याचा पत्ता नाही. अशा अवस्थेत एकजण ‘एकशे साठ’ म्हणतो, दुसरा ‘एकशे सत्तर’ म्हणतो. ज्याची बोली चढते तो आपला हुकूम पालथा घालून ठेवतो. नियम घरागणिक थोडे बदलतात, पण सामान्यतः फसलेल्या बोलीचा दंड साधलेल्या बोलीच्या लाभापेक्षा मोठा असतो.

या खेळाला शोधयात्रेची उपमा शोभून दिसते. मुलखाचा नकाशा हाती नाही, दिसतो तो पायथ्यापर्यंतचा रस्ता, आणि तेवढ्यावरून शिखर गाठण्याची प्रतिज्ञा करावयाची आहे. आजचे खेळ रचणारे तर ही उपमा प्रत्यक्षातच आणतात. मूळचे गणितज्ञ असलेले जर्मन खेळकार रायनर क्निझिया यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लॉस्ट सिटीज’ या पत्त्यांच्या खेळात लुप्त नगरांकडे जाणाऱ्या पाच मोहिमा असतात. मोहिमेचे पहिले पान मांडताच खेळाडूच्या नावावर वीस गुणांचा खर्च पडतो. पुढची पाने चढत्या क्रमानेच लावता येतात. खर्च भरून निघाला तर लाभ, नाही तर तूट. आरंभी पैज लावली असेल, तर लाभाप्रमाणे तूटही दुप्पट, तिप्पट किंवा चौपट होते. न निघालेल्या मोहिमेला दंड नाही. निघालेल्याने मात्र खर्च भरलाच पाहिजे.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत हे सारे धागे एकत्र येतात. महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच वस्तीत आहे. मंडळाची स्थापना १९३५ची. त्या काळी, आणि पुढे १९५६ पर्यंत, रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. येथे मराठी घरात डाव पडतो तेव्हा भाषेचीच एक गंमत घडते. मराठीत ‘हुकूम’ म्हणजे सर्वांवर मात करणारा रंग. हिंदीत ‘हुकुम’ म्हणजे इस्पिक. मराठी हुकुमाला हिंदीत ‘तुरुप’ म्हणतात, बदामाला ‘पान’, चौकटला ‘ईंट’, किलवरला ‘चिड़ी’. शेजारचा हिंदी भाषक भिडू बसला असेल, तर ‘हुकूम कोणता?’ या साध्या प्रश्नाचा अर्थ आधी ठरवून घ्यावा लागतो.

या भूमीशी मराठी माणसाचा संबंध मात्र पत्त्यांहून जुना आहे, आणि त्यातही मोहीम आणि बोली दोन्ही आहेत. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या वाटेवर रतनपूरवर चालून गेले आणि हैहयांचे जुने राज्य मराठ्यांच्या कक्षेत आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. ते प्रजेत राहिले, आणि त्यांची आठवण छत्तीसगढात अजून आदराने काढली जाते. १७८७ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर व्यंकोजी भोसल्यांनी नागपुरातच राहून सुभेदारांकरवी प्रदेश चालविला. महिपतराव दिनकर हे पहिले सुभेदार. त्यांच्या मागून आलेल्या विठ्ठलराव दिनकरांनी परगण्यांची नवी व्यवस्था लावली. १८१८ पर्यंत चाललेल्या या अमलात सुभेदारी मक्त्याने दिली जाई. नागपूरला अधिक रकमेची हमी जो देईल, त्याच्या पदरात सुभा पडे.

ही बोलीच होती. फरक होता तो हिशोबाचा. पत्त्यांच्या डावात बोली आणि खेळ एकाच ठिकाणी होतात. सुभेदारीची बोली नागपुरात होई, आणि डाव छत्तीसगढात खेळला जाई. बोली चढली की तिची भरपाई गावच्या गौंटियाकडून, आणि गौंटियाकडून रयतेकडे मागितली जाई. पाऊस चुकला तरी हमीची रक्कम कमी होत नसे. ज्याने एकही पान उचलले नव्हते, त्याच्या नावावर दंड लिहिला जात होता.

हा दोष एकट्या नागपूरकरांचा नव्हता. पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती अशाच मक्त्याने दिल्या गेल्या, आणि त्याचे दुष्परिणाम माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यानंतरच्या आपल्या अहवालात नोंदविले. स्वतः इंग्रजांनीही तेच केले होते. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दीत बंगालचा महसूल पाच वर्षांसाठी चढ्या बोलीने मक्त्यास दिला गेला. तोही दुष्काळात लोक देशोधडीला लागल्यावर अवघ्या दोन वर्षांनी. अनेक मक्तेदारांना बोलीप्रमाणे भरणा करता आला नाही, आणि ती पद्धत टाकून द्यावी लागली.

शोधयात्रेची गोष्टही याच काळातील. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट हा कंपनीचा अधिकारी चुनारहून निघून रतनपूर आणि रायपूरच्या मुलखातून दक्षिणेकडे वाट शोधीत गेला. पुढचा प्रदेश नकाशावर कोरा होता. बस्तरच्या बाजूस गोंडांनी त्याला अडविले, आणि त्याला मार्ग बदलावा लागला. ज्यांच्या भूमीचा शोध घ्यावयाचा, त्यांना त्या शोधात काही म्हणावयाचे असते, हे त्याला तेथे कळले. पण ब्लंटने निदान स्वतःचे पाय त्या वाटेवर टाकले होते. मक्तेदाराच्या बोलीत तेवढेही नव्हते.

या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे घरगुती खेळाचे नियम किती विचारपूर्वक घडले आहेत हे ध्यानात येते. बोली सर्वांसमक्ष होते. ती करणाऱ्याला स्वतःचीच पाने खेळावी लागतात. तो हरला तर तूट त्याच्या आणि त्याला साथ देणाऱ्या भिडूच्या नावावर पडते, तिसऱ्याच्या नाही. भिडूलाही बोली चढवू नकोस असे सुचविण्याची संधी स्वतःच्या बोलीतून मिळालेली असते. ‘जजमेंट’ या खेळात तर प्रत्येकजण आपण किती हात करू हे आधी सांगतो, आणि सर्वांच्या बोलींची बेरीज एकंदर हातांइतकी होऊ नये असा दंडक पुष्कळ घरांत पाळतात. म्हणजे कोणी तरी चुकणार हे ठरलेलेच. तेथे एक हात जास्त करणाराही हरतो. आपल्या शक्तीचा अंदाज खाली चुकणे आणि वर चुकणे, दोन्ही सारखेच मोजले जातात.

जुन्या लोकांनी पत्त्यांना वेळेचा अपव्यय म्हटले, आणि जुगाराच्या संदर्भात ते यथार्थच होते. परंतु पैशाविना खेळल्या जाणाऱ्या घरच्या डावात दहा वर्षांचे मूल आजोबांच्या बोलीवर आपली बोली चढविते, तेव्हा वयाचा मान बाजूला राहून हातातील पानांचा आणि दिलेल्या शब्दाचा हिशोब सुरू होतो. मूल हरले तर गुणांच्या कागदावर त्याच्याच नावाखाली वजाबाकी लिहिली जाते, आणि आजोबा हरले तर त्यांच्या. तो कागद सर्वांच्या मध्ये असतो, आणि तो कोणालाही वाचता येतो. मराठ्यांच्या छत्तीसगढातील कारभारात असा एखादा कागद रतनपूरच्या चावडीवर लावला गेला असता, तर पुष्कळ बोली इतक्या चढल्या नसत्या.