कोयनेचा तडा आणि गणितातली उपाधी

हल्ली नागपुरात इंजिनिअरिंगचं पोरगं भेटलं की एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, सिम्युलेशन आणि व्हायब्रेशनमध्ये पुढे स्कोप आहे का?" आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. पॅकेजचे आकडे आमच्यापाशी नाहीत. पण या पेशाचं मोल सांगणारी एक घटना आपल्याच महाराष्ट्रात घडलेली आहे. आज आपण तिच्याकडे पाहू.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली. जवळच १०३ मीटर उंचीचं काँक्रीटचं धरण आणि त्यामागे भरलेला शिवसागर. धरण उभं राहिलं. मात्र त्याच्या पाण्याकडच्या आणि कोरड्या, अशा दोन्ही अंगांना आडवे तडे गेले. तडे गेले कुठे, तर तळापासून सुमारे ६६ मीटरवर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. हे ठिकाण लक्षात ठेवा.

आता मूळ हिशेब बघा. धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर लागेल, आणि तो तळापासून माथ्यापर्यंत सारखाच लागेल, असं धरलं होतं. त्या काळी जगभर हीच रीत होती, तेव्हा कुणाला बोल लावण्याचं कारण नाही. आकडेमोडही बरोबर होती. या हिशेबाने मोठा ताण तळाशी यायला हवा, वरचा भाग निर्धास्त. प्रत्यक्षात तळ शाबूत राहिला आणि तडा वर गेला!

असं का झालं? ज्वारीचं ताट बुडाशी धरून हलवून बघा. बुड जरासंच हलतं, पण वरचं जड कणीस केवढं तरी झुलतं. हलवण्याची लय ताटाच्या स्वतःच्या लयीशी जुळली, तर विचारूच नका. धरणालाही अशी स्वतःची लय असते, तिला स्वाभाविक वारंवारिता म्हणतात. कोयनेच्या धरणाची ती सेकंदाला साधारण तीन हेलकावे इतकी आहे. हिशेबाने मात्र धरण हा एक ताठ ठोकळा मानला होता. ताठ वस्तूचा माथा तळाइतकाच हलतो, म्हणून लयीचा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

सुदैवाने धरणाच्या आत कंपन नोंदवणारं यंत्र बसवलेलं होतं. नदीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.४९ पट आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट एवढे धक्के त्याने नोंदवले. इथे एक सावधगिरी बाळगा. 'पाच टक्के कुठे आणि एकोणपन्नास टक्के कुठे' अशी सरळ तुलना करू नका. पहिला आकडा म्हणजे एकसारखा जोर, दुसरा म्हणजे क्षणात दिशा बदलणारा धक्का. त्या धक्क्यांनी धरणात काय घडलं, हे कळायला वेगळं गणित हवं होतं.

ते गणित तेव्हा नुकतं वयात येत होतं. धरणाचे कागदावर शेकडो लहान तुकडे पाडायचे, प्रत्येकाला वजन आणि लवचिकता द्यायची, मग क्षणाक्षणाला कोण किती हलतो ते संगणकाकडून काढून घ्यायचं. बर्कलीचे रे क्लफ यांनी १९६० साली या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं. त्याच बर्कलीत अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी कोयनेचीच नोंद घेऊन कोयनेचंच धरण संगणकात हलवून पाहिलं. त्यांचा निबंध १९७३ चा. काँक्रीटला न पेलणारा ताण कुठे निघाला? वरच्या भागात, उताराच्या बदलापाशी. तडा होता तिथेच.

पुढे धरणाला मागून काँक्रीटचा आधार देण्यात आला. भूकंपाच्या नकाशाचंही तेच. १९६२ च्या भारतीय नकाशात एक 'शून्य' विभाग होता. कोयनेनंतर, १९७० च्या सुधारणेत, तो काढूनच टाकला. 'इथे काहीच होणार नाही' असं शास्त्राला म्हणता येत नाही, ही ती कबुली. २००२ च्या नकाशात आपलं नागपूर सर्वांत सौम्य विभागात आहे, पण त्या विभागाचाही क्रमांक दोन आहे, शून्य नव्हे.

आता आमच्या विषयाकडे येऊ. न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणून एक दोष सांगितला आहे. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे खरं वाटतं, पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं इंधन लागतं. न सांगितलेली ही अट म्हणजे उपाधी. कोयनेच्या हिशेबातली उपाधी होती, 'धरण ताठ आहे'. बेरीज-गुणाकार तपासून ती सापडली नसती.

म्हणून पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. काम भरपूर आहे. कोराडी-खापरखेड्याच्या टर्बाइनपासून पुण्यातल्या मोटारींपर्यंत, जे जे फिरतं किंवा थरथरतं त्याला हा माणूस लागतो. साधनंही आहेत. आपल्याच व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, शिकलेल्या विजय भटकरांनी १९९१ साली 'परम' हा महासंगणक उभा करून दाखवला. आज फायनाइट एलिमेंट तुमच्या लॅपटॉपवर चालतं. 'अबॅकस' या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत तर चक्क कोयना धरण आहे. जगभरचे विद्यार्थी ते सोडवून शिकतात.

पण बटण दाबून रंगीत चित्र काढणं म्हणजे पेशा नव्हे. ते चित्र कोणत्या गृहीतांवर उभं आहे, हे सांगता आलं पाहिजे. बूड खरंच पक्कं धरलं आहे का? पाण्याचं वजन घेतलं का? कंपनं कमी होतात ती कशाने, आणि तो आकडा आणला कुठून? शक्य असेल तिथे जाऊन मोजलं का? मुलाखतीत हे कुणी विचारेल, न विचारेल. साहेबाला रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हवा असतो, हेही आम्हाला ठाऊक आहे. तरी रिपोर्टच्या पहिल्या पानावर आपली गृहीतं लिहून काढायची सवय लावून घ्या. खाली गाव असतं, आणि पहाटे चार वाजता ते झोपलेलं असतं.

आता प्रश्न घेऊ.