ॲसिटिलकोलिनएस्टरेज

ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मानवी मेंदूत, चेता-स्नायू संधीत आणि तांबड्या रक्तपेशींच्या पटलावर आढळणारे विकर आहे. ॲसिटिलकोलीन या चेतापारेषकाचे ॲसिटेट व कोलीन यांत विघटन करून ते चेतासंदेश थांबवते. स्मृतिभ्रंशावरील काही औषधे आणि अनेक घातक विषे या एकाच विकरावर परिणाम करतात.

== संशोधनाचा इतिहास ==
चेतातंतू रासायनिक पदार्थाद्वारे संदेश देतात, हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून दाखवले. या कार्यासाठी त्यांना व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विकराची त्रिमितीय रचना १९९१ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील जोएल ससमन, इस्रायल सिल्मन व सहकाऱ्यांनी उलगडली. त्यासाठी विद्युत मत्स्याच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवातील विकर वापरले गेले, कारण तेथे ते विपुल असते.

== रचना ==
मानवात या विकराचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते. मेंदूत चार समान उपघटक एकत्र येतात आणि ‘प्रिमा’ नावाचे प्रथिन त्यांना चेतापेशीच्या पटलाशी जखडून ठेवते.

प्रत्येक उपघटकात सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल अरुंद घळ असते. क्रियास्थान तिच्या तळाजवळ आहे. तेथे सेरीन-२०३, हिस्टिडीन-४४७ व ग्लुटामेट-३३४ ही तीन ॲमिनो आम्ले मिळून विघटन घडवतात. ॲसिटिलकोलिनचा धनभारित भाग ऋणभारित गटांकडे खेचला जात असावा, असा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात त्याला मुख्यतः ट्रिप्टोफॅन-८६ चे वलय धरून ठेवते. तरीही ‘ऋणभारित स्थान’ हे जुने नाव पाठ्यपुस्तकांत टिकून आहे.

== कार्य ==
सेरीन ॲसिटिल गट स्वतःकडे घेते व कोलीन सुटते. नंतर पाण्याचा रेणू ॲसिटिल गट वेगळा करून सेरीनला मोकळे करतो. एक क्रियास्थान सेकंदाला हजारो रेणूंचे विघटन करते. इतकी खोल, अरुंद घळ असूनही हा वेग कसा साधतो, हा प्रश्न संशोधकांना दीर्घकाळ खुणावत राहिला. सुटलेले कोलीन चेतापेशी परत शोषून घेते आणि त्यापासून नवे ॲसिटिलकोलीन बनवते.

== औषधे व विषे ==
अल्झायमर रोगात मेंदूतील ॲसिटिलकोलीन कमी होते. डोनेपेझिल घळीत अडकून विकराला तात्पुरते रोखते व उरलेले ॲसिटिलकोलीन अधिक काळ टिकते. लक्षणांना काहीसा उतार पडतो. मूळ रोग मात्र थांबत नाही.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके व सारिन हा विषारी वायू सेरीनलाच घट्ट चिकटतात. साचलेल्या ॲसिटिलकोलिनमुळे लाळ व घाम वाढतो, बाहुल्या आकसतात, झटके येतात. श्वसन बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथे वापरल्या गेलेल्या कीटकनाशकांत या गटातील रसायनेही होती.

ॲट्रोपीन लक्षणे आवरते, विकराला मुक्त करत नाही. ते काम प्रॅलिडॉक्सिम करते. मात्र धनभारामुळे ते मेंदूत फारसे पोचत नाही. शिवाय सेरीनला चिकटलेल्या विषाची रचना काही काळाने बदलते व त्यानंतर प्रॅलिडॉक्सिम निष्प्रभ ठरते. सोमान या विषाबाबत हा बदल काही मिनिटांतच होतो. मेंदूतील विकर थेट मोजता येत नसल्याने तांबड्या रक्तपेशींतील विकराची क्रियाशीलता तपासून विषबाधेच्या तीव्रतेचा अंदाज घेतला जातो.