सयामी साला, बाड होम्बुर्ग

सयामी साला : जर्मनीच्या हेसेन राज्यातील बाड होम्बुर्ग या आरोग्यधामाच्या उपवनातील थाई शैलीचा मंडप. सयामचा (विद्यमान थायलंड) राजा चुलालंकरण ऊर्फ पाचवा राम (कार. १८६८–१९१०) याने तो या नगरास भेट दिला. ‘साला’ हा शब्द संस्कृत ‘शाला’ या शब्दावरून आला असून, वाटसरूंच्या विसाव्यासाठी रस्त्याकडेला किंवा विहाराच्या आवारात उभारलेल्या खुल्या मंडपास तो लावतात. आपल्याकडील धर्मशाळेशी त्याचे नाते उघड आहे.

फ्रँकफुर्टजवळ, टाउनुस टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले हे नगर खनिज जलाचे झरे व जुगारगृह यांमुळे एकोणिसाव्या शतकात नावारूपास आले. जुगारगृह १८७२ मध्ये बंद झाले, तरी राजघराण्यांचा ओघ आटला नाही. सम्राट दुसरा विल्हेल्म याचा उन्हाळी मुक्काम येथे असे, तर उपवनात १८९९ पासून रशियन प्रार्थनामंदिरही होते.

मूत्रपिंडाच्या विकाराने त्रस्त असलेला चुलालंकरण १९०७ मध्ये यूरोपच्या दुसऱ्या दौऱ्यात उपचारांसाठी येथे राहिला. या दौऱ्यातून त्याने आपल्या कन्येस लिहिलेली पत्रे क्लाय बान (घरापासून दूर) या नावाने प्रसिद्ध आहेत. दौऱ्याचे निमित्त प्रकृतीचे असले, तरी त्यामागील राजकारण नजरेआड करता येत नाही. १८७२ मध्ये मुंबईसह हिंदुस्थानचा प्रवास करून त्याने ब्रिटिश सत्तेचे स्वरूप तरुणपणीच पाहिले होते. १९०७ च्या मार्चमध्ये तर बटंबांग, सिएम रीप व सिसोफोन हे प्रदेश त्याला फ्रेंचांच्या स्वाधीन करावे लागले. अशा वेळी यूरोपीय राजांच्या पंक्तीत बरोबरीच्या मानाने बसणे हा त्याच्या दृष्टीने राज्यरक्षणाचाच भाग होता. येथील भेटीस त्यामुळे केवळ आभारापलीकडचा अर्थ प्राप्त होतो.

त्याच सुमारास लागलेल्या नव्या झऱ्यास राजाचे नाव देण्यात आले. उतराई म्हणून त्याने साला देण्याचे ठरविले. तिचे भाग सयाममध्ये घडवून जहाजाने जर्मनीस पाठविण्यात आले. परंतु ती उभी राहण्यापूर्वीच, २३ ऑक्टोबर १९१० रोजी, राजा मरण पावला. नगरास ‘बाड’ (स्नानस्थान) हे बिरुद १९१२ मध्ये मिळाले आणि सालाचे उद्‌घाटन १९१४ मध्ये झाले. स्तंभांवर पेललेले, एकावर एक चढत जाणारे छप्पर, निमुळता कळस व सोनेरी नक्षी ही तिची वैशिष्ट्ये. जर्मन वृक्षराजीत ती काहीशी अनपेक्षित वाटते. मात्र ती झऱ्यावर न बांधता उपवनात अन्यत्र उभारण्यात आली.

उद्‌घाटनाच्या वर्षीच पहिले महायुद्ध भडकले. जुलै १९१७ मध्ये सयामने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि दात्याचा देश शत्रुपक्षात गेला. साला मात्र जागच्या जागी राहिली. राजाच्या वास्तव्यास शंभर वर्षे झाली, तेव्हा २००७ मध्ये त्याच्या नावाच्या झऱ्यावर दुसरी साला बांधण्यात आली.