तुटीच्या दिवसाची वाटणी

जबलपूरजवळच्या बर्गी धरणात अडणारी नर्मदा ही चार राज्यांत वाटलेली नदी आहे. नर्मदा जलविवाद लवादाने 1979 च्या अंतिम निवाड्यात 2.8 कोटी एकर-फूट पाणी गृहीत धरले आणि त्यातले 1.825 कोटी मध्य प्रदेशाला, 90 लाख गुजरातला, 5 लाख राजस्थानला व अडीच लाख महाराष्ट्राला दिले. त्याहून महत्त्वाची तरतूद पुढची: पाणी कमी भरले किंवा जास्त आले, तर तूट आणि वाढावा 73:36:2:1 याच प्रमाणात वाटायचा. न्याय्य वाटणीची खरी परीक्षा तुटीच्या दिवशी होते, हे त्यामागचे तत्त्व. एकाच साठवणयंत्रणेवर शेकडो व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्लाउडचे अभियंते वेगळ्याच वाटेने याच तत्त्वापाशी आले.

त्या वाटेची सुरुवात डिस्कपासून नव्हे, नेटवर्कपासून झाली. 1985 मध्ये जॉन नेगल यांनी सुचवले, की प्रत्येक प्रेषकाची रांग वेगळी ठेवावी आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट पुढे सोडावे. त्यात मोठी पॅकेटे पाठवणाऱ्याचा फायदा होई. 1989 मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी पॅकेटांऐवजी त्यांचा आकार मोजून ही उणीव भरून काढली. 1994 मध्ये वाल्डस्पर्गर आणि वाइल यांनी प्रोसेसरचा वेळ सोडतीच्या तिकिटांनी वाटला. ज्याची तिकिटे जास्त, त्याचा वाटा मोठा. डिस्कपाशी मात्र हे सगळे अपुरे पडले, कारण तिची क्षमता स्थिर नसते. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी डिस्क विखुरलेल्या वाचनात सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास विनंत्या पुऱ्या करते, सलग वाचनात मात्र कितीतरी अधिक. मूळ आकडाच हलता असेल, तर नुसत्या प्रमाणातून कोणालाच किमान हमी मिळत नाही.

हा पेच 2010 मध्ये गुलाटी, मर्चंट आणि वर्मन यांच्या ‘एमक्लॉक’ पद्धतीने सोडवला. त्यांनी प्रत्येक मशीनला तीन आकडे दिले: राखीव किमान, कमाल मर्यादा आणि उरलेल्यातला वाटा. प्रत्येक विनंतीवर या तिन्हींच्या हिशेबाने वेळेचे शिक्के बसतात. ज्यांचे राखीव देणे थकले आहे, त्यांना आधी वाट मिळते. नंतर मर्यादेच्या आत असलेल्यांना वाट्याप्रमाणे.

यावर पहिला आक्षेप असा, की वेगवान एसएसडी आल्यावर वाटणीची कटकट कशाला? पण 2014 मध्ये अ‍ॅमेझॉनने आणलेली ‘जीपी2’ साठवण एसएसडीचीच होती, तरी तिच्यात दर जीबीमागे सेकंदाला 3 विनंत्यांचा पायाभूत दर आणि साठलेल्या शिलकीवर काही काळ 3,000 पर्यंतची मुभा असे नियम होते. वेग वाढला की मागणीही वाढते. सामायिक वस्तूचा वाद मिटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राखीव ठेवल्याने क्षमता वाया जाते. ती तशी जात नाही, कारण राखीव हक्क न वापरणाऱ्याची पाळी इतरांना मिळते. क्षमता खरोखर रिकामी राहते ती कमाल मर्यादेमुळे. ती किंमत जाणूनबुजून मोजली जाते, कारण आज फुकट मिळालेला वेग ग्राहक उद्या हक्क समजतो.

म्हणून इस्पितळ किंवा न्यायालय आपल्या नोंदी क्लाउडवर ठेवते, तेव्हा जास्तीत जास्त वेग किती एवढे विचारून भागणार नाही. गर्दीच्या क्षणी किमान किती मिळेल आणि तूट कोणत्या प्रमाणात सोसावी लागेल, हे दोन आकडे करारात लिहून घेतले पाहिजेत. ते आधी ठरलेले नसतील, तर त्या क्षणी सर्वांत जास्त मागणाराच सर्वांत जास्त घेऊन जाईल.