भेंडवळची घटमांडणी

भेंडवळची घटमांडणी : वऱ्हाडात अक्षय्य तृतीयेला धान्य व पदार्थांच्या मांडणीवरून पीकपाण्याचे भाकीत सांगण्याची सामूहिक परंपरा. स्थळ : भेंडवळ, ता. जळगाव जामोद, जि. बुलढाणा. चंद्रभान महाराज वाघ हे तिचे प्रवर्तक मानले जातात. ती सुमारे 300 ते 350 वर्षांची असल्याचे सांगतात. आजही मांडणी वाघ घराण्याकडेच आहे.

सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात गोलाकार 18 धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या 4 महिन्यांची 4 ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर. तिच्यावर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, पानविडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. सूर्योदयाला दाणे किती सरकले, ढेकूळ किती भिजले हे पाहून अर्थ लावतात : पुरी म्हणजे पृथ्वी, पानविडा राजा, करडी संरक्षण, भादली रोगराई. पेरणीच्या तोंडावर जमलेले शेतकरी ते ऐकून आपसांत पिकांचा खल करतात, आणि मांडणीचे खरे मोल त्या खलातच आहे. भाकिताला शास्त्रीय आधार नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा त्यावर आक्षेप आहे. प्रतीकवाचनापुरते 78 पत्त्यांच्या टॅरोशी साम्य. मात्र टॅरोत प्रश्न बहुधा एकट्याचा, इथे साऱ्या शिवाराचा. (पहा : अक्षय्य तृतीया, टॅरो, वऱ्हाड).