शिफारसपत्र आणि हक्क : राजदूत नारायणन यांची कारकीर्द

के. आर. नारायणन यांचे नाव आपल्या सभांतून घेतले जाते ते राष्ट्रपती म्हणून. त्यांची परराष्ट्र सेवेतील सुमारे तीन दशके मात्र विस्मरणात गेली आहेत. आपण ती विसरलो, प्रस्थापितांनी विसरलेली नाहीत. ‘गुणवत्ता असली की जात आड येत नाही, नारायणन पाहा!’ हा दाखला मी महाविद्यालयाच्या शिक्षक-खोलीत अनेकदा ऐकला आहे. राखीव जागांचा विषय निघाला की तो हमखास येतो. म्हणून तो तपासला पाहिजे.

त्रावणकोर संस्थानातील उळवूर येथे, परवन या अस्पृश्य जातीत नारायणन जन्मले. शाळेसाठी रोज मैलोगणती पायपीट. फी थकली की वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकायचा. पुस्तके घेण्याची ऐपत नव्हती; भाऊ इतरांची पुस्तके हाताने उतरवून देई. अशा स्थितीत त्यांनी १९४३ साली इंग्रजी साहित्यात एम. ए. केले, तेही विद्यापीठात पहिले येऊन. याहून अधिक गुणवत्ता ती कोणती?

पण तेवढ्याने दार उघडले नाही. १९४५ साली टाटांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ते लंडनला गेले. बाबासाहेबांनी जेथे डी. एस्सी. मिळवली त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते हॅरॉल्ड लास्की यांचे विद्यार्थी झाले. १९४८ साली परतताना लास्कींनी नेहरूंच्या नावे पत्र दिले. भेट झाली आणि १९४९ साली ते परराष्ट्र सेवेत दाखल झाले. म्हणजे गुणवत्तेलाही एका शिष्यवृत्तीची आणि एका पत्राची गरज पडली. उळवूरसारख्या गावांतून वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या इतर मुलांना असे पत्र कोण देणार होते?

रंगून, टोकियो, लंडन, हनोई येथे त्यांनी काम केले. थायलंड आणि तुर्कस्तानात ते राजदूत झाले. १९७६ साली त्यांना पेकिंगला पाठवले गेले. सीमायुद्धाच्या आधीपासून, सुमारे पंधरा वर्षे, तेथे भारताचा राजदूतच नव्हता. तुटलेला संवाद पुन्हा जोडण्याचे हे नाजूक काम त्यांच्यावर सोपवले गेले. पुढे १९८० ते १९८४ ते अमेरिकेत राजदूत होते.

राजदूताचा पेशा बोलण्याचा तितकाच न बोलण्याचाही असतो. त्याच्या मुखातून सरकार बोलते. १९७७ साली बिहारात बेलछीचे दलित हत्याकांड झाले, तेव्हा नारायणन पेकिंगला याच देशाचे प्रतिनिधी होते. हा ताण किती दाहक असेल, हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. अशा मौनावर आपण टीका करतो, आणि ती करण्याचा आपल्याला हक्क आहे. पण त्या पेशाने त्यांना आणखी एक शस्त्र दिले : तोलून लिहिलेले टिपण.

१९९८ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांची फाईल राष्ट्रपतींकडे आली. त्यांनी भाषण केले नाही. फाईलवरच मत नोंदवले. लोकसंख्येत चतुर्थांश असलेल्या अनुसूचित जाती-जमातींचा, तसेच स्त्रियांचा योग्य विचार होणे घटनेच्या तत्त्वांशी सुसंगत ठरेल, असा त्याचा आशय होता. सरन्यायाधीशांकडून उत्तर आले : निकष केवळ गुणवत्तेचाच. शिक्षक-खोलीतले वाक्य देशाच्या सर्वोच्च पीठावरही तेच होते!

आणखी एक गोष्ट दाखला देणारे सोयीस्करपणे गाळतात. १९८४ साली नारायणन लोकसभेत गेले ते ओट्टपालम या राखीव मतदारसंघातून. राष्ट्रपती भवनाची वाट तेथून गेली. शिफारसपत्राने एक माणूस आत येतो. घटनेतील तरतुदीने समाज आत येतो. नारायणन यांनी आत आल्यावर दुसऱ्या कुणासाठी शिफारसपत्र लिहिले नाही, घटनेकडे बोट दाखवले. त्यांचा दाखला द्यायचाच असेल, तर तो या टिपणासह दिला पाहिजे.